घरात कोण न्हाई?

जनगणनेच्या कागदावर मी एकदा खोटं लिहिलं आहे. हे मी बायकोला कधी सांगितलं नाही, थोरल्या भावाला तर नाहीच. खोटा शब्द होता 'मराठी'. इतका साधा शब्द खोटा असेल असं कुणाला वाटणार नाही. समोर माझी गंगूआत्या बसली होती, आणि त्या कागदावर नंतर वाघमारे बाईंची सही व्हायची होती. आत्या गेली. आता बाईही गेल्या. मला लिहायचं आहे ते बाईंविषयी, पण आत्याला बाजूला ठेवून ते लिहिता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

वाघमारे बाई आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. गाव सोनपेठ तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. मी गावचाच आणि त्याच शाळेत शिक्षक. बाईही गावच्याच, बौद्धवाड्यातल्या. उंचीनं बेताच्या, आवाजानं नाही. हातात बारा महिने काळी छत्री. ती उन्हासाठी नसायची, पावसासाठीही नसायची. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी असायची. कारण शाळा सुटली की बाई घरोघर फिरायच्या. कुणी चहा दिला तर उभ्यानंच प्यायच्या. "बसलं की माणूस इकडचं तिकडचं बोलत ऱ्हातंय," म्हणायच्या, "मुद्द्याचं ऱ्हाऊन जातंय."

हजेरी घ्यायची त्यांची तऱ्हा उलटी होती. वर्गात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न: "कोण आलं न्हाई? आलेली दिसायलीत मला." गैरहजर पोराचं नाव, बापाचं नाव, न येण्याचं कारण सगळं विचारून झालं की मग हजर पोरांकडं बघायच्या. हीच सवय त्यांना घराघरातही होती. उंबऱ्यात उभं राहून विचारायच्या, "घरात कोण न्हाई?" नवीन सुना गोंधळायच्या. म्हाताऱ्या मात्र या प्रश्नानं एकदम बोलत्या व्हायच्या.

सातवीला लोकसंख्येचा धडा होता. बाईंनी पोरांना सांगितलं, घरात जेवढे पुरुष तेवढे चिंचोके आणा, जेवढ्या बाया तेवढ्या सरक्या, आणि प्रत्येकाचं वय विचारून या. वय कागदावरचं नको. कागदावर आमचं अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींच्या सोयीनं. बाईंनी व्हरांड्यात खडूनं आडव्या रेघा मारल्या, दहा-दहा वर्षांची एक रांग. एका बाजूला चिंचोके मांडले, दुसऱ्या बाजूला सरक्या. खाली रुंद, वर निमुळता असा ढीग झाला. पण साठीच्या आसपासची रांग दोन्ही बाजूंनी आत गेलेली, आणि तिच्या वर सरक्या होत्या, चिंचोके फार थोडे.

"ही खाच कशाची?" बाईंनी विचारलं.

"बाई, म्हातारे बिडी वडत्यात, म्हनून लौकर मरत्यात," एक पोरगं म्हणालं.

"तुझी आजी काय वडती मग?" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि लगेच थांबल्या. "त्या साली गावात पाळणेच हलले न्हाईत. माणसं पळत व्हती. आन ह्या वरल्या रांगेतले चिंचोके आपल्याकडं न्हाईत, कारण ते म्हातारे व्हायच्या आधीच गेले."

पुस्तकात लोकसंख्या बदलायची कारणं तीन दिली होती: जन्म, मृत्यू, स्थलांतर. बाईंनी फळ्यावर चौथं लिहिलं: युद्ध.

मधल्या सुट्टीत मी म्हणालो, "बाई, आपल्याकडं युद्ध नव्हतं झालं. पोलीस ॲक्शन होती ती."

"पोलीस रणगाडे घिऊन येतात का शेटे सर?" बाई म्हणाल्या. "युद्ध ही तीनही कारणं एकदम आणतंय. आन पुढं गाव म्हणतंय, आमी पयल्यापासून असेच व्हतो. ते म्हणणं मला खोडायचंय."

गावात तिला कुणी युद्ध म्हणत नाही, ॲक्शनही फारसं म्हणत नाही. 'गडबड' म्हणतात. निजामाच्या राजवटीच्या शेवटी रझाकारांच्या भीतीनं कितीक घरं हद्दीपलीकडं निघून गेली. त्यातली काही कधीच परतली नाहीत. मग फौजा आल्या, निजामी गेली, आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत आमची मोमीन गल्ली रिकामी झाली. मोमीन म्हणजे विणकर मुसलमान. कुणी मारले गेले, कुणी हैदराबादच्या वाटेला लागले. आज त्या गल्लीत मोमिनाचं एकही घर नाही. नाव तेवढं राहिलं आहे.

हे सगळं बाईंनी एका कोऱ्या हजेरीपटात उतरवलं होतं. गल्लीवार, घरवार, कोण नाही ते. आम्ही शिक्षक त्याला बाईंचा गैरहजेरीपट म्हणायचो. आधी चेष्टेनं, नंतर सवयीनं. एकदा एक सहकारी म्हणाला, "सोडा हो बाई. आधी आपले गेले, मग त्यांचे गेले. फिट्टंफाट झाली."

बाईंनी पट त्याच्यापुढं उघडला. "ह्यात आपले-त्यांचे असा रकाना दावा मला. हजर आन गैरहजर, एवढंच हाय."

त्या पटात एक ओळ अर्धी होती. मोमीन गल्ली, आडाशेजारचं घर. हुसेन विणकर, बायको, दोन मुलगे. आणि मुलगी एक, वय पाच-सहा. पुढं नावाची जागा कोरी. या कोऱ्या जागेसाठी बाईंनी गावातला एक म्हातारा सोडला नाही. मी कारण विचारलं तेव्हा बाई छत्री टेकवून उभ्या राहिल्या.

"गावात आमच्या माणसांना पाणी भरू देणारा एकच आड व्हता सर, मोमिनांचा. माझी आई चौदा वर्षांची असंल. ती घागर घिऊन गेली की ही पोर धावत यायची, आईच्या वंजळीत पाणी वतायची. बुडकुल्यानं. खेळ व्हता तिचा. गल्ली रिकामी झाली, आड दुसऱ्यांच्या हातात गेला, आन आमाला नदी धरावी लागली. मी शाळंत जाईस्तोवर." मग म्हणाल्या, "आईनं त्या पोरीचं नाव सांगितलं व्हतं मला. मी खेळायच्या नादात नीट ऐकलं न्हाई. आई गेली. आता ते नाव मलाच हुडकायला पाहिजे."

त्यांचा आवाज नेहमीचाच होता. बाईंनी एखादी गोष्ट हातात घेतली की ती होईस्तोवर त्या तशाच बोलायच्या, पोरांना पाढे म्हणायला लावल्यासारख्या.

त्याच वर्षीची गोष्ट. सतरा सप्टेंबरला शाळेत झेंडा. निजामी गेल्याचा हा दिवस आमच्याकडं थाटात होतो. सरपंच आले, पोरं रांगेत उभी, आणि दोरी ओढताना मधूनच तुटली. सरपंच वर बघायलेत, आम्ही एकमेकांकडं. नुसती गाठ मारली की ती कप्पीत अडकायची. आमचं घर शाळेसमोरच. गंगूआत्या कुंपणापाशी उभी होती. ती आत आली, दोन्ही टोकं हातात घेतली, थुंकी लावली, अंगठ्याखाली काहीतरी वळवलं आणि ओढलं. गाठ अशी बसली की बोटाला लागेना. दोरी कप्पीतून सरसर गेली, झेंडा वर गेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या झेंड्याला. बाई आत्याच्या हाताकडं बघत होत्या.

"ही गाठ कुठं शिकलाव आत्या?"

"कुटं शिकू? हाताला येती," म्हणत आत्या पदर सावरून निघून गेली.

गंगूआत्या म्हणजे माझ्या आजोबांच्या बहिणीची मुलगी, लहानपणी आईबाप गेले म्हणून आमच्या घरी वाढलेली. लग्न केलं नाही. आमचं लिंगायत घर, सूत-कापडाचं जुनं दुकान. आत्या पहाटे अंघोळ करून हातावर लिंग घेऊन पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची. आम्हा भावंडांना तिनंच मोठं केलं. एवढंच मला ठाऊक होतं.

मग जनगणना आली, ही मागची. बाई पर्यवेक्षक, मी त्यांच्या हाताखाली प्रगणक. सोनपेठच्या प्रशिक्षणात मातृभाषेचा रकाना आला तेव्हा बाजूचा एकजण म्हणाला, "त्यात इचारायचं काय? मराठी म्हनून लिहीत जायचं."

बाई उठल्या. "भाषा कोणती, असं इचारू नका कुणी. मराठीच न्हवं का, असं तर मुळीच न्हाई. इचारा, लहानपणी तुमची आई तुमच्याशी कशात बोलायची? आन मग गप बसा. उत्तर येईस्तोवर."

गावात फिरताना बाई माझ्यासोबत दोन दिवस होत्या. वयाच्या रकान्यात गाडी अडायची. एका ओट्यावर आजोबांनी छाती काढून सांगितलं, "गडबडीच्या साली मी बैल पाण्यावर न्हेत व्हतो. लिवा पंच्याहत्तर."

आतून आजीबाईंचा आवाज आला. "ह्यो? ह्यो तवा नागडा हिंडायचा! बैल न्हेतोय! बैलानंच ह्येला न्हेलं आसंल!"

"मग सदुसष्ट लिहू का आजोबा?" बाईंनी विचारलं.

"लिवा तिच्या मनानं. माझं वय बी तिनंच ठरवावं आता."

माझं घर मी शेवटी ठेवलं होतं. दुपार होती, बायको शेतात गेलेली. आत्या ओसरीवर वाती वळत बसली होती. मी तक्ता उघडला. नाव, वय भरलं. ते विचारायची गरजच नव्हती. मातृभाषेपाशी आलो आणि गंमत म्हणून बाईंच्या शब्दांत विचारलं, "आत्या, लहानपणी तुमची आई तुमच्याशी कशात बोलायची?"

आणि बाईंच्या सांगण्याप्रमाणे गप्प बसलो. नुसतं गप्प बसलो नसतो तर कदाचित काही झालं नसतं.

आत्याचे हात थांबले. "खरंच इचारायलास?"

"सरकार विचारतंय."

तिनं हातातली वात खाली ठेवली. मग माझ्या आत्यानं, जिच्या तोंडून मी जन्मात तो सूर ऐकला नव्हता, हळूच म्हटलं, "'जैनू, हल्लू बैठ. आवाज नक्को.' असं बोलायची."

मग तिनं सांगितलं. आडाशेजारी त्यांचं घर; मागावरचा तुटला धागा जोडायची ती गाठ अब्बाची. मागाखाली खड्डा असतो, विणकर त्यात पाय सोडून बसतो. अम्मानं तिला त्या खड्ड्यात बसवलं, वर अर्धं विणलेलं कापड ओढलं आणि हे सांगितलं. नंतर अम्मा आली नाही. अब्बा नाही, भाऊ नाहीत. दिवस किती गेले ते तिला आठवत नव्हतं. माझे आजोबा त्या मागांना सूत द्यायचे. ते बघायला आले आणि त्यांनी कापड उचललं. काही वर्षं तिला आजीच्या माहेरी ठेवलं, मग बहिणीची पोर म्हणून गावात आणलं.

"तुज्या आज्यानं गळ्यात लिंग बांधलं आन म्हणला, आजपासनं तू गंगू. लय जीव लावला मला. तक्रार न्हाई माझी." मग ती माझ्याकडं वळली. "पर आता इचारलंस तर लिही. जैनबी नाव हाय माझं. आता कोण मारायलंय मला?"

पुतणीची सोयरीक सेलूच्या एका घरात ठरत होती. हे कारण मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण इतकंच की मी भ्यालो. कशाला, ते मला आजही धड सांगता येत नाही. नावाच्या ठिकाणी 'गंगूबाई' होतंच. मातृभाषेच्या ठिकाणी मी 'मराठी' लिहिलं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"दाव बरं."

आत्याला वाचता येत नव्हतं. मी तक्ता तिच्यापुढं धरला. तिनं 'गंगूबाई'वर बोट ठेवलं.

"हे जैनबी का?"

"हो," मी म्हणालो.

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वाती वळून बोट ओलं होतं, शाई त्याला लागली. दिवसभर तिनं तो हात धुतला नाही.

त्याच संध्याकाळी मला बाईंची कोरी ओळ आठवली. ज्या पोरीचं नाव बाई वर्षानुवर्षं गावभर शोधत होत्या, ती आमच्या ओसरीवर वाती वळत होती. दहा पावलं चालून शाळेत जाऊन सांगायचं होतं. मी गेलो नाही.

चार दिवसांनी बाई तपासणीला आल्या. पर्यवेक्षकानं काही घरं स्वतः बघायची असतात. छत्री कोपऱ्यावर दिसली तसा मी आत्याला म्हणालो, "आत्या, आतल्या खोलीत बसा जरा. मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नका." दार ओढून घेतलं. आत्या बाईंना आपलं खरं नाव सांगेल, याचीच मला भीती होती.

बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "घरात कोण न्हाई?"

"आत्या. सेलूला गेल्यात."

बाईंनी खाली बघितलं. "चपला इथंच ठिवून गेल्या?"

"नवीन घेतल्या. सोनपेठच्या बाजारात."

खोटं बोलणाऱ्या पोराकडं बाई जशा बघायच्या, रागानं नव्हे, नुसतं थांबून, तशा माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता आत खोकला येईल, बांगडी वाजेल. काही म्हणता काही वाजलं नाही. बाईंनी तक्ता मांडीवर घेऊन सही केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्या बसल्या होत्या.

"तुमच्या सांगण्यावर सही करायले सर," त्या म्हणाल्या. "पण मी वाट बघायले. ते चालूच ऱ्हाणार."

त्या गेल्यावर मी दार उघडलं. आत्या कणगीच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पदराचा बोळा तोंडात. तो काढून तिनं अगदी हळू विचारलं, "गेले का?"

मी तिला बाईंपासून लपवलं होतं. ती मात्र सगळ्यांपासून लपली होती, साठ वर्षांपूर्वी लपली होती तशी. त्यानंतर तिनं ते नाव पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या वर्षी आत्या गेली. आमच्यात दहन नसतं; माणसाला खड्ड्यात बसवतात. तिला बसवताना मी दुसरीकडं बघत होतो. बाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. त्या आल्या, बायकांच्या मागं उभ्या राहिल्या. माती झाल्यावर माझ्याजवळ येऊन विचारलं, "नाव काय व्हतं यांचं?"

पंचवीस वर्षं समोरच्या शाळेत येऊन-जाऊन त्यांना 'आत्या' म्हणणारी बाई हे विचारत होती. मला प्रश्न कळला. मी म्हणालो, "गंगूबाई."

"बरं," म्हणाल्या, आणि छत्री टेकत चालू लागल्या.

पुढं त्या परभणीला मुलीकडं राहायला गेल्या. पण पट थांबला नाही. गुडघे दुखत असताना एसटीनं यायच्या, एखाद्या म्हाताऱ्याला भेटायच्या, एखादी ओळ भरून जायच्या. हैदराबादलाही एकदा जाऊन आल्या. दरवेळी शाळेत डोकावायच्या. मी तेव्हा मुख्याध्यापक झालो होतो. दरवेळी थोडं थांबायच्या, मी काही बोलतोय का बघायच्या, आणि निघायच्या. विचारलं मात्र कधीच नाही.

शेवटची भेट परभणीची. मी कामानिमित्त गेलो होतो. त्यांनी फोन करून स्टँडबाहेर थांबायला सांगितलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, हातात छत्री आणि कापडी पिशवी. पिशवीतून पट काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"बाकी सगळं भरलंय. एक ओळ ऱ्हायली."

मी ती ओळ काढून बघितली.

"समद्यांना इचारून झालं सर. एक तुमाला सोडून. तुमाला मी इचारणार न्हाई, तुमी सांगायचंय. मास्तर हाव तुमी."

मी म्हणालो, "बाई, चहा घेऊ."

"उभ्यानं घेतला असता. पण ऑटो भरायलाय."

ऑटोत आधीच चारजणं होती. बाई कडेला बसल्या, अर्ध्या बाहेर. छत्रीची मूठ चाकाच्या बाजूला निघालेली. ऑटो सुरू झाला तसं त्यांनी वळून मोठ्यानं विचारलं, "सर, नवी मोजणी येईल तवा पोरांना काय शिकवणार? घरात गेल्यावर आधी काय इचारायचं?"

"घरात कोण न्हाई," मी ओरडून सांगितलं.

त्यांनी मान हलवली, पोरानं बरोबर उत्तर दिल्यावर हलवायच्या तशी, आणि पुढं बघितलं. गर्दीत बराच वेळ मला ती छत्रीची मूठ दिसत राहिली.

चार महिन्यांनी त्या गेल्या.

यंदा मोजणीचं पत्र आलं आहे. बाईंच्या जागी आता मी पर्यवेक्षक. पट शाळेच्या कपाटात आहे. आडाशेजारच्या घराची ओळ अजून कोरी आहे. इथं मी नाव लिहिलं खरं, पण हे वाचणारे आत्याला ओळखत नव्हते. मला ते लिहायचं आहे ते त्या पटात, शाळेच्या व्हरांड्यात, थोरल्या भावाला, पुतणीला, सगळ्या घराला समोर बसवून. वाघमारे बाईंना मी एक नाव देणं लागतो. आणि ज्या माणसांना आत्यानं वाढवलं, त्यांच्यापुढं ते नाव मोठ्या आवाजात उच्चारणं, हे मी जैनबीचं देणं लागतो.